जुन्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट दिसत नाही तेव्हा

२०१९ च्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून वाचनालयाच्या ग्रंथपालकाकांचा फोन आला. "ताई, साइट उघडते, पण फॉन्ट दिसत नाही." त्यांची साइट मी आठच दिवसांपूर्वी नवी करून दिली होती. मजकुराला मुक्ता हा फॉन्ट लावला होता. मुंबईच्या एक टाइपचा हा फॉन्ट मोकळ्या परवान्याचा आहे आणि लहान आकारातही त्याची अक्षरं स्वच्छ वाचता येतात. माझ्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित दिसत होतं. फोनवर तासभर विचारपूस करूनही उलगडा होईना, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली.

वाचन कक्षात तीन मशीन होती. एकावर विंडोज एक्सपी आणि फायरफॉक्स ५२, उरलेल्या दोनांवर विंडोज ७ आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ११. शिवाय काकांचा स्वतःचा जिओफोन. एक्सपीवर पानातला मजकूर छान दिसत होता, पण शोधाच्या चौकटीत आणि टॅबवर नुसते चौकोन. विंडोज ७ वर मुक्ताऐवजी विंडोजचा मूळचा मंगल, आणि मथळ्यांतले उकार खालून कापलेले. जिओफोनवर पान उघडलं की दोन-तीन सेकंद कोरंच. तिन्ही ठिकाणची तक्रार एकच, "फॉन्ट दिसत नाही", पण बिघाड तीन निराळे आणि त्यांचे उपायही तीन निराळे. त्या दिवशी जे केलं आणि पुढच्या काही वर्षांत जे कळत गेलं, ते इथे लिहिते. कोडमधली नावं देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या फाइलमध्ये ती नेहमीसारखी रोमनमध्ये जातील.

आधी विचारा: नेमकं काय दिसतंय?

कोडला हात लावण्याआधी समोरच्याकडून स्क्रीनचा फोटो मागवा. बिघाड कुठे आहे हे फोटोवरून जवळजवळ निम्मं कळतं.

चौकोन दिसत असतील तर त्या अक्षरासाठी त्या मशीनवर कुठलाच फॉन्ट उरलेला नाही. तुमचाही नाही आणि सिस्टिमचाही नाही. चौकोन एखाद-दुसऱ्याच जागी असेल तर ते अक्षर फॉन्टपेक्षा वयानं लहान आहे. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या मानकात) २००८ साली आलं, आणि '₹' २०१० साली. त्याआधीच्या फॉन्टांत ती दोन्ही सापडणार नाहीत.

अक्षरं आहेत, पण जोडाक्षरं सुटलेली आहेत, पाय मोडल्याची खूण उघडी पडली आहे, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली आहे, मध्येच टिंबांचं वर्तुळ उगवलंय, असं असेल तर फॉन्ट पोहोचला आहे, जुळणी झालेली नाही. देवनागरीत नुसती अक्षरचित्रं असून भागत नाही. कुठल्या अक्षरांचं मिळून कुठलं रूप होतं याची कोष्टकं फॉन्टच्या पोटात असतात, आणि ती वाचणारं यंत्र ब्राउझरमध्ये किंवा सिस्टिममध्ये असावं लागतं. दोहोंपैकी एक कमी पडलं की अक्षर मोडतं.

मजकूर नीट वाचता येतोय, फक्त वळण वेगळं आहे, तर पर्यायी फॉन्ट लागला आहे. तुमची फाइल आली नाही, किंवा आली आणि नाकारली गेली.

कोरी जागा असेल तर ब्राउझर फॉन्टची वाट बघतोय.

आणि मराठीऐवजी रोमन अक्षरं, टिंबं, अधिक-उणे चिन्हं यांची सरमिसळ दिसत असेल, तर तो मजकूर युनिकोडमध्ये नाहीच. त्याच्याबद्दल शेवटी लिहिते, कारण तो उपाय अगदी निराळा आहे.

चाचणीची एक ओळ ठेवा

साइटवर एक लहानसं पान करून त्यावर ही ओळ टाका: "तऱ्हेवाईक वाऱ्यानं दुर्गम दऱ्यांतली लाकडं उद्ध्वस्त केली, क्षुल्लक ज्ञान, शिळ्या पुऱ्या, ॲल्युमिनियमचं ताट ₹१४५." अर्थाकडे बघू नका, अक्षरांकडे बघा. 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' यांतला अर्धचंद्रासारखा र मराठीला रोज लागतो, हिंदीला लागत नाही. म्हणून हिंदी डोळ्यांपुढे ठेवून तपासलेला फॉन्ट नेमका इथेच अडतो. 'दुर्गम'मध्ये रफार आहे, 'उद्ध्वस्त'मध्ये तीन व्यंजनांचा जोड, 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे की हिंदी हे कळतं, आणि 'ॲ' व '₹' फॉन्टचं वय सांगतात. तीच ओळ साध्या वजनात, ठळक वजनात, मथळ्यात, शोधाच्या चौकटीत आणि बटणावर अशी पाच ठिकाणी टाका. पाचही जागा लागतात. एक्सपीवरचा बिघाड मला चौकटीतल्या ओळीनंच दाखवला.

फाइल मागवली का, आली का, स्वीकारली का

आता ज्या मशीनवर तक्रार आहे त्याच मशीनवर एफ-१२ दाबा आणि नेटवर्कचा भाग उघडून पान पुन्हा लोड करा. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ मध्येही ही सोय आहे.

फॉन्टची फाइल यादीतच नसेल तर ब्राउझरनं ती मागवलीच नाही. बहुतेक वेळा सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलीत) फॉन्टची फाइल नोंदवणाऱ्या फॉन्ट-फेसमध्ये दिलेलं नाव आणि तो मजकुराला लावणाऱ्या फॉन्ट-फॅमिलीत वापरलेलं नाव यांत एखादी मोकळी जागा किंवा एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं. नाहीतर यादीतला एकही फॉरमॅट त्या ब्राउझरला समजत नाही.

४०४ (फाइल सापडली नाही) दिसत असेल तर पत्ता चुकला आहे. फॉन्टचा पत्ता सीएसएस फाइलच्या जागेपासून मोजला जातो, पानाच्या जागेपासून नाही, आणि सीएसएस दुसऱ्या फोल्डरात हलवली की तो तुटतो. विंडोजच्या जुन्या सर्व्हरवर फाइल जागेवर असूनही ४०४ येतं, कारण ओळखीच्या नसलेल्या एक्स्टेन्शनची फाइल तो सर्व्हर देतच नाही. तिथे वॉफ आणि वॉफ-२ या वेबसाठीच्या फॉन्ट-फाइलींचे प्रकार सेटिंगमध्ये नोंदवावे लागतात. अपाचेवर टाइप जोडायची एकेक ओळ पुरते.

फाइल आली आहे पण अडवली गेली आहे असा संदेश कन्सोलमध्ये (एफ-१२ च्याच खिडकीतल्या संदेशांच्या भागात) असेल तर साइटच्या नावाकडे बघा. फॉन्टच्या बाबतीत ब्राउझर कडक असतात: पान एका डोमेनवर आणि फॉन्ट दुसऱ्यावर असेल, तर फॉन्ट देणाऱ्या सर्व्हरनं परवानगीचा हेडर पाठवावा लागतो. तीन डब्ल्यू लावलेलं आणि न लावलेलं नावही ब्राउझरच्या लेखी वेगळं. वाचनालयाच्या साइटच्या पहिल्या मसुद्यात मी फॉन्टचा पूर्ण पत्ता तीन डब्ल्यूसकट लिहिला होता. त्यामुळे नुसतं नाव टाइप करून येणाऱ्याला फॉन्ट मिळत नव्हता, आणि मी मात्र नेहमी तीन डब्ल्यू लावूनच उघडत होते. पत्ता सापेक्ष केला की प्रश्न मिटतो.

सगळ्यांत फसवी अवस्था म्हणजे २०० हा यशाचा आकडा दिसतो आणि तरी फॉन्ट लागत नाही. अशा वेळी फाइलचा आकार बघा. काही सर्व्हर न सापडलेल्या फाइलऐवजी मुखपृष्ठच पाठवतात आणि वर २०० सांगतात. ब्राउझर ते एचटीएमएल फॉन्ट म्हणून उलगडायला जातो आणि 'आवृत्तीची खूण चुकीची' अशा अर्थाची तक्रार करतो. एफटीपीनं फाइल चढवताना मजकुराचा मोड चालू राहिला तरी फॉन्ट बिघडतो, कारण त्या मोडमध्ये ओळ संपल्याच्या खुणा बदलल्या जातात आणि फॉन्टमधले तसेच बाइट त्यात सापडतात. तुमच्याकडची फाइल आणि सर्व्हरवरची फाइल यांचे बाइट मोजून जुळवा. एका बाइटचा फरकही चालत नाही.

इंटरनेट एक्स्प्लोररला आणखी एक अट आहे. फॉन्टच्या आत, तो एम्बेड करायला, म्हणजे पानात जोडायला, परवानगी आहे की नाही, याची एक नोंद असते. टीटीएफ या साध्या फॉन्ट-फाइलमध्ये ती नोंद पूर्ण मोकळी नसेल तर हा ब्राउझर कन्सोलमध्ये सीएसएस३११४ अशी खूण दाखवून फॉन्ट नाकारतो. छपाईसाठी विकत घेतलेला फॉन्ट थेट वेबवर चढवला की हे हमखास दिसतं. तिथे नोंद खोडत बसू नका. फॉन्ट बनवणाऱ्याची मेहनत आहे ती. वेबचा परवाना घ्या किंवा मोकळ्या परवान्याचा फॉन्ट निवडा.

विंडोज ७ वर मंगल का आला

ही चूक माझी होती, आणि ती खूप जणांकडून होते म्हणून सविस्तर सांगते.

गूगल फॉन्ट्सची सीएसएस सगळ्यांना सारखी मिळत नाही. मागणारा ब्राउझर कोणता हे बघून ती तयार होते. नव्या क्रोमला वॉफ-२ चे पत्ते मिळतात, जरा जुन्याला वॉफचे, फार जुन्याला टीटीएफचे. मला फॉन्ट वाचनालयाच्याच सर्व्हरवर ठेवायचा होता, म्हणून मी ती सीएसएस माझ्या नव्या क्रोममध्ये उघडली, त्यातल्या फाइली उतरवल्या आणि तसाच कोड चिकटवला. म्हणजे माझ्या सर्व्हरवर फक्त वॉफ-२ होतं. इंटरनेट एक्स्प्लोररला वॉफ-२ कधीच आलं नाही, अकराव्या आवृत्तीतही नाही. त्यानं मुकाट्यानं मंगल लावला.

कुठल्या ब्राउझरला काय कळतं हे एकदा डोक्यात बसलं की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. इंटरनेट एक्स्प्लोरर ८ ला फक्त ईओटी, हा मायक्रोसॉफ्टचा जुना फॉरमॅट. नवव्या आवृत्तीपासून वॉफ. अँड्रॉइड ४.३ पर्यंतच्या फोनांत जो मूळचा ब्राउझर असायचा त्याला टीटीएफ. फायरफॉक्सला वॉफ ३.६ पासून आणि वॉफ-२ ३९ पासून. क्रोमला वॉफ-२ ३६ पासून. जुन्या सिस्टिम कुठे थांबल्या हेही लक्षात ठेवा: एक्सपीवर क्रोम ४९ आणि फायरफॉक्स ५२ हे शेवटचे, विंडोज ७ वर क्रोम १०९ हा शेवटचा. म्हणजे एक्सपीवर नीट अद्ययावत केलेला फायरफॉक्स असेल तर त्याला वॉफ-२ चालतं, आणि त्याच्यापेक्षा नव्या विंडोज ७ वरच्या इंटरनेट एक्स्प्लोररला चालत नाही. सिस्टिमच्या वयावरून अंदाज बांधू नका, ब्राउझर विचारा.

उपाय साधा आहे. फॉन्ट-फेसमधल्या एसआरसी या फाइलींच्या यादीत आधी वॉफ-२, मग वॉफ, मग टीटीएफ, आणि प्रत्येकापुढे फॉरमॅटचं नाव. ब्राउझर वरून खाली वाचतो आणि ओळखीचा पहिला फॉरमॅट उचलतो. फॉरमॅटचं नाव गाळलंत तर जुना ब्राउझर न समजणारी फाइल आधी उतरवेल आणि मग टाकून देईल. ज्याचं इंटरनेट मोजूनमापून आहे त्याच्या खिशातून हे जातं.

ईओटीचं काय? एसआरसीमध्ये एकाहून जास्त फाइली असल्या की इंटरनेट एक्स्प्लोरर ८ गोंधळून सगळी ओळ एकच पत्ता समजतो. त्यावर ईओटीच्या पत्त्यानंतर प्रश्नचिन्ह ठेवायची युक्ती निघाली, म्हणजे पुढचं सगळं त्याला शेपटासारखं वाटतं. मी ती बरीच वर्षं वापरली. आता वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका असं सांगेन. एक्सपीवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररला आजकालच्या सुरक्षित साइटच उघडता येत नाहीत, त्यामुळे त्याच्यासाठी फॉन्टची चौथी प्रत सांभाळण्यात अर्थ नाही. त्या मशीनवर फायरफॉक्स ५२ टाकून दिला तर जास्त उपयोग होतो, कारण सुरक्षित जोडणीची आणि जोडाक्षरं जुळवण्याची यंत्रणा त्याची स्वतःची आहे, एक्सपीची नाही.

जिओफोनची कोरी तीन सेकंदं

जिओफोनवरच्या कायओएस २.५ चा ब्राउझर फायरफॉक्स ४८ च्या इंजिनावर चालतो. वॉफ-२ त्याला येतं. पण फॉन्ट येईपर्यंत काय दाखवायचं हे सांगणारी फॉन्ट-डिस्प्ले ही सूचना फायरफॉक्समध्ये ५८ पासून आली, म्हणून मी सीएसएसमध्ये लिहिलेलं 'स्वॅप' (तोवर पर्यायी फॉन्ट दाखव) त्याला कळत नव्हतं. अशा वेळी तो जुन्या पद्धतीनं वागतो: फॉन्ट येईपर्यंत जास्तीत जास्त तीन सेकंद मजकूर लपवतो, मगच पर्यायी फॉन्ट दाखवतो. जुन्या सफारीत तर ही तीन सेकंदांची मर्यादाही नव्हती. फॉन्ट अडकला की मजकूर अदृश्यच.

गावात रेंज जाते-येते तिथे ही वाट फार लांब असते. पुस्तक आलंय का एवढंच बघायला आलेला माणूस कोरं पान बघून परत जातो.

उपाय असा. मूळ सीएसएसमध्ये मजकुराला फक्त सिस्टिमचे फॉन्ट द्या. मग चार ओळींच्या स्क्रिप्टनं मुक्ता मागवा, आणि तो आल्यावरच पानाच्या मुळाला एक क्लास लावा. मुक्ता त्या क्लासखालीच वापरा. त्यामुळे मजकूर पहिल्या क्षणापासून वाचता येतो आणि फॉन्ट सवडीनं येऊन बसतो. त्यासाठी स्क्रिप्टला लागणारी डॉक्युमेंट-फॉन्ट्स ही सोय फायरफॉक्समध्ये ४१ पासून आणि क्रोममध्ये ३५ पासून आहे, म्हणजे जिओफोनवर चालते. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये नाही, पण तो मुळातच मजकूर लपवत नाही. म्हणून ती सोय नसेल तर क्लास सरळ लावून मोकळं व्हा.

इथे मी पूर्ण एक संध्याकाळ घालवली, ती तुमची वाचावी. फॉन्ट मागवणाऱ्या त्या लोड फंक्शनला दुसरी एक गोष्ट देता येते: नमुन्याचा मजकूर. ती दिली नाही तर ते नुसती मोकळी जागा धरून चालतं. तुमच्या फॉन्ट-फेसवर युनिकोड-रेंज (हा फॉन्ट कुठल्या अक्षरांसाठी मागवायचा ती मर्यादा) फक्त देवनागरीची असेल तर मोकळी जागा त्या रेंजमध्ये बसत नाही, म्हणून ब्राउझर काहीही न उतरवता "झालं" असं सांगतो. क्लास लगेच लागतो आणि कोरं पान परत येतं. तिथे 'मराठी' एवढा एक शब्द द्या. फॉन्ट-फेस-ऑब्झर्व्हर ही लायब्ररी वापरत असाल तरी हेच करा, कारण तिचा ठरलेला नमुना रोमन अक्षरांचा आहे.

जिओफोन हाताशी नसेल तर फायरफॉक्स ४८ मोझिलाच्या जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात मिळतो. वेगळ्या प्रोफाइलवर तो फक्त चाचणीपुरता चालवा. रोजच्या कामाला नको, त्याच्यातली सुरक्षेची भोकं कोणी बुजवत नाही.

शोधाच्या चौकटीतले चौकोन

इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरिया आणि बटण या चौघांना पानाचा फॉन्ट आपोआप मिळत नाही. ते सिस्टिमचा फॉन्ट धरून बसतात. नव्या मशीनवर सिस्टिमकडे देवनागरी असतंच, म्हणून हे कधी लक्षातही येत नाही. वाचनालयाच्या एक्सपीवर मात्र भारतीय भाषांचा आधार कधी बसवलेलाच नव्हता. पानातला मजकूर मुक्तामुळे दिसत होता आणि 'लेखकाचे नाव' ही चौकटीतली सूचना चौकोनांत होती. या चौघांना 'फॉन्ट: इनहेरिट' एवढं लिहिलं की काम झालं.

टॅबवरचं नाव मात्र साइटच्या हातात नसतं, ते सिस्टिमच्याच फॉन्टमध्ये दिसतं. त्यासाठी कंट्रोल पॅनलमध्ये प्रादेशिक आणि भाषांच्या सेटिंगमधल्या भाषांच्या टॅबवर गुंतागुंतीच्या लिप्यांच्या फाइली बसवायची खूण करावी लागते, आणि एक्सपीची सीडी मागितली जाते. काकांनी ती देणगीदारांच्या पावतीपुस्तकांखालून शोधून काढली.

पर्यायी फॉन्ट निवडून द्या

फॉन्टच्या यादीत मुक्तानंतर थेट 'सान्स-सेरिफ' लिहून सोडून देणं ही देवनागरीशी बेफिकिरी आहे. मी हा क्रम ठेवते: मुक्ता, कोहिनूर देवनागरी, नोटो सान्स देवनागरी, निर्मला यूआय, मंगल आणि मग सान्स-सेरिफ. कोहिनूर ॲपलच्या मशीनवर, नोटो अँड्रॉइडवर, निर्मला विंडोज ८ पासून पुढे. विंडोज ७ आणि त्याआधी मंगल. लिनक्ससाठी लोहित देवनागरीही जोडायला हरकत नाही.

मग त्या यादीतल्या प्रत्येकावर पान कसं दिसतं ते खरोखर बघा. सर्व्हरवर फॉन्टच्या फाइलचं नाव तात्पुरतं बदला, किंवा क्रोमच्या साधनांत ती विनंती अडवा. विंडोज ७ वरचे कापलेले उकार मला तेव्हाच दिसले असते. मुक्ताच्या मापानं मी मथळ्याची ओळ-उंची १.२ ठेवली होती आणि वर 'ओव्हरफ्लो: हिडन' लावलं होतं. मंगलची वरची-खालची ऐसपैस मांडणी त्यात मावली नाही. 'कृष्णा'चा ऋकार आणि 'मृत्युंजय'मधला उकार खालून गेला. आता मी मजकुराला १.६ च्या खाली जात नाही, मथळ्याला १.४ च्या खाली नाही, आणि ठरावीक उंचीच्या पेटीत देवनागरी कोंडत नाही. नव्या ब्राउझरांत साइझ-ॲडजस्ट आणि ॲसेंट-ओव्हरराइड वापरून पर्यायी फॉन्टचं माप मूळ फॉन्टशी जुळवता येतं, पण ज्यांच्यासाठी आपण हे करतोय त्या जुन्या ब्राउझरांना त्या सूचना कळत नाहीत. ओळ-उंची सगळ्यांना कळते.

लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं वाढवलेलं अंतर) देवनागरीवरून काढूनच टाका. शिरोरेषा तुटते, आणि काही जुन्या ब्राउझरांत जोडाक्षरंही सुटतात. तयार थीममध्ये मथळ्यांवर ते लपलेलं असतं.

फॉन्ट आला, तरी अक्षरं मोडलेली

फाइल लहान करायच्या नादात हे होतं. ऑनलाइन कन्व्हर्टर कधीकधी अक्षरचित्रं ठेवतात आणि जोडाक्षरांची कोष्टकं फेकून देतात. रोमन फॉन्टला त्यानं फारसं बिघडत नाही, मराठीचा कणाच मोडतो. फॉन्टटूल्समधलं सबसेट करायचं (हवी तेवढीच अक्षरं ठेवायचं) साधन वापरा आणि त्याला सगळी लेआउट-फीचर्स, म्हणजे ती कोष्टकं, ठेवायला सांगा. युनिकोड-रेंज लिहिताना ०९०० ते ०९७एफ एवढ्यावर थांबू नका. २००सी आणि २००डी ही दोन न दिसणारी जोडचिन्हं, रुपयाचं २०बी९ आणि टिंबांच्या वर्तुळाचं २५सीसी हेही घ्या. वाचनालयाच्या सूचीत जुन्या नोंदी होत्या. त्यांत 'ऱ्य' हा नुक्त्याच्या ऱ नं न लिहिता साधा र, पाय मोडायची खूण आणि त्यापुढे २००डी असा टाइप केलेला होता. रेंजमधून ते चिन्ह निसटलं की काही जुन्या ब्राउझरांत शब्द तिथेच फुटतो. तसंच 'ॲ' बघा: जुन्या नोंदींत तो अ आणि वर अर्धचंद्र अशा दोन अक्षरांत असतो, आणि नव्या ब्राउझरांत तिथे टिंबांचं वर्तुळ दिसू शकतं. सूचीत शोधून तो एका अक्षरात बदला.

पानाच्या मुळाशी भाषा 'एमआर' लिहिलेली आहे ना, तेही बघा. मराठी वळणाचे ल आणि श काही फॉन्ट त्या खुणेवरूनच देतात. जुन्या ब्राउझरांत ही खूण वाया जाऊ शकते, म्हणून पुढे मथळ्यांसाठी मी तिरो देवनागरी मराठी घेतला. त्यात मराठी रूपं मूळचीच आहेत, खूण लागत नाही. पण त्याला ठळक वजन नाही. मथळे आपोआप ठळक होतात, मग ब्राउझर अक्षर स्वतःच जाड करतो आणि 'ष', 'क्ष' यांच्या पोटातल्या जागा बुजतात. मथळ्याला वजन 'नॉर्मल' द्या. मुक्ताला सात वजनं आहेत. त्यांतली दोनच घ्या, ४०० आणि ७००, आणि दोन्ही एकाच नावाखाली वेगवेगळ्या फॉन्ट-फेसमध्ये नोंदवा.

एक प्रसंग अगदी वेगळ्या कारणाचा. जुन्या अँड्रॉइडवर पान येतं आणि दुसऱ्या डोमेनवरचा फॉन्ट येत नाही, असं झालं तर फॉन्ट देणाऱ्या साइटचं सुरक्षेचं प्रमाणपत्र बघा. फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मूळ प्रमाणपत्र ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडला ओळखीचं नाही. फॉन्ट साइटच्याच डोमेनवर ठेवला तर निदान दोन ठिकाणी दोन निकाल लागत नाहीत. आणि फोनची तारीख चुकलेली नाही ना, तेही एकदा विचारा.

रोमन सरमिसळ

शेवटी ती पानं, ज्यांवर मराठीऐवजी रोमन चिन्हं दिसतात. पूर्वी मी छापखान्यात डीटीपी करत होते, आणि तेव्हाचे फॉन्ट मराठी अक्षराचं चित्र रोमन अक्षराच्या जागेवर बसवायचे. २००० च्या आसपास मराठी साइटही तशाच चालायच्या. मायक्रोसॉफ्टच्या वेफ्ट या साधनानं फॉन्टची ईओटी करून ती डोमेनला बांधून ठेवत, नेटस्केपसाठी बिटस्ट्रीमची वेगळी फाइल असे. डोमेन बदललं किंवा ब्राउझर बदलला की सगळं पान वाचण्यापलीकडे. या वाचनालयाच्या जुन्या साइटवर दिवाळी अंकांची अनुक्रमणिका अशीच अडकलेली होती.

तिथे फॉन्ट दुरुस्त करू नका. मूळ फॉन्ट मिळवून तो लावलात तरी ते शोधता येणार नाही, कॉपी करता येणार नाही, अंध वाचकाला ऐकता येणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरा, आणि मग माणसानं ओळ न् ओळ तपासा. रफार, पहिली वेलांटी आणि अर्धचंद्राचा र या तीन ठिकाणी कन्व्हर्टर चुकतात. अनुक्रमणिकेचं काम काकांनी आणि दोन निवृत्त शिक्षकांनी मिळून केलं, छापील अंक शेजारी उघडा ठेवून.

दुरुस्तीनंतर सीएसएसच्या पत्त्यापुढे आवृत्तीचा आकडा बदलायला विसरू नका, नाहीतर जुन्या मशीन जुनीच फाइल धरून बसतात आणि केलेला उपाय चुकला असं वाटतं.

चाचणीचं पान अजून तिथेच आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काका ते तिन्ही मशीनवर आणि फोनवर उघडतात, फोटो काढून पाठवतात. परवाच्या फोटोत विंडोज ७ वरच्या बटणावरचा '₹' चौकोन झाला होता. बटणाच्या नव्या डिझाइनमध्ये मी 'इनहेरिट' लिहायचं विसरले होते. संध्याकाळी दुरुस्त केलं, आणि सात वाजता त्यांचा दुसरा फोटो आला.